एकशे चार गुण आणि नापास

(उत्सवातील सायंकालीन व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीच्या चिटणीसांनी फोन करून "जपानी भाषेच्या परीक्षेवर बोला" असे सांगितले, तेव्हा मी म्हणालो, "अहो, मी नापास झालेला माणूस आहे." ते म्हणाले, "म्हणूनच बोलावतोय. पास झालेल्यांचे सत्कार आपण दरवर्षी करतोच." त्यामुळे इथे उभा आहे. शाल-श्रीफळाची अपेक्षा नाही.

मी रेल्वेत रुळांच्या देखभालीचा इंजिनिअर. सिव्हिलचा डिप्लोमा करून भरती झालो आणि पंचविशीपासून गिट्टी, स्लीपर आणि ब्लॉक यांच्यातच आयुष्य गेले. असा माणूस जपानीच्या नादी कसा लागला, हे आधी सांगायला हवे. कारण तसे साधे आहे. आमची कन्या चौथीत असताना तिला कुणीतरी 'तोत्तोचान' भेट दिले. तेत्सुको कुरोयानागी यांचे हे पुस्तक जपानमध्ये १९८१ साली आले. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ते मराठीत आणले. त्यातली शाळा रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरते. कन्येने विचारले, "बाबा, त्या डब्यांना खालून चाकं होती का?" मला उत्तर येईना. रेल्वेच्या माणसाला रेल्वेच्या डब्याबद्दल उत्तर येत नाही, ही गोष्ट मनाला लागली. मूळ पुस्तकात बघू म्हणून बाराखडीपासून सुरुवात केली, ती आजतागायत चालू आहे. त्यानंतर १४ सप्टेंबर २०१७ रोजी अहमदाबादला मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे भूमिपूजन झाले आणि आमच्या कार्यालयातील मंडळींनी जाहीर केले, की साहेबांना दूरदृष्टी आहे. दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. पण पाचशे आठ किलोमीटरची लाईन आणि तीही गिट्टीशिवाय, काँक्रीटच्या स्लॅबवर! हे वाचून रुळावरच्या कुठल्याही माणसाच्या मनात काहीतरी हलतेच. माझ्याही हलले.

आपल्यापैकी पुष्कळांना वाटत असेल, की जपान म्हणजे कुठे आणि रायपूर कुठे. पण आपल्या छत्तीसगढचा जपानशी संबंध या भाषेच्या वर्गांपेक्षा जुना आहे. १९६०च्या मार्चमध्ये भारत सरकारचा आणि जपानच्या पोलाद उत्पादकांचा करार झाला, आणि बैलाडीलाचे लोहखनिज वर्षाला चाळीस लाख टन पाठवायचे ठरले. ते बंदरावर न्यायला कोत्तवलसा ते किरंदुल ही सुमारे साडेचारशे किलोमीटरची लाईन डोंगर फोडून टाकली गेली. बस्तरची माती साठ वर्षांपूर्वी जपानला गेली. भाषा यायला जरा उशीर झाला इतकेच.

आता परीक्षेविषयी. जपान फाउंडेशन आणि तिकडची आणखी एक संस्था मिळून ही परीक्षा १९८४ पासून घेतात. पूर्वी चार पातळ्या होत्या, २०१० पासून पाच आहेत. एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड. सगळे प्रश्न पर्यायी उत्तरांचे. बोलायची परीक्षा नाही, लिहायची नाही, म्हणजे एकही अक्षर हाताने न काढता माणूस एन-१ होऊ शकतो. हे मला आजही पटलेले नाही. एन-१ला पहिली एकशे दहा मिनिटे शब्द, व्याकरण आणि वाचन, आणि मग पंचावन्न मिनिटे श्रवण. एकूण गुण एकशे ऐंशी, पास व्हायला शंभर. मात्र त्यात एक अट आहे. भाषाज्ञान, वाचन आणि श्रवण हे तीन विभाग साठ-साठ गुणांचे, आणि प्रत्येकात किमान एकोणीस मिळालेच पाहिजेत. ही अट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

रायपुरात केंद्र नाही. पुण्यात आहे, कोलकात्यात आहे, आणखीही काही शहरांत आहे. पुणे हे तर जपानी शिकणाऱ्यांचे माहेरघरच. आपल्या सुदैवाने हावडा-पुणे आझाद हिंद एक्सप्रेस रायपूरवरून जाते, त्यामुळे मी पुणे धरले. माझ्या शिक्षिका पुण्याच्या, त्यांचा वर्ग संगणकावर. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण मी त्यांना बाई म्हणतो आणि त्या मला काका म्हणतात. गृहपाठ राहिला तर काकांनाही बोलणी बसतात.

बाईंनी पहिल्याच महिन्यात एक गोष्ट दाखवली आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. इंग्रजीतून जपानी शिकणारा माणूस जिथे अडखळतो, तिथे मराठी माणूस सरळ चालत जातो. क्रियापद शेवटी, विभक्ती शब्दाच्या मागे, हे तर आहेच. पण पुढे ऐका. 'तबेते मिरु' म्हणजे शब्दशः 'खाऊन बघणे'. 'काइते ओकु' म्हणजे 'लिहून ठेवणे'. 'काइते मोराउ' म्हणजे 'लिहून घेणे'. आणि 'शिमाउ' हे क्रियापद जोडले की अर्थ होतो 'करून टाकणे'. इंग्रजी पुस्तकात याला अर्धे पान समजूत घातलेली असते, की इथे काम पूर्ण झाल्याचा भाव आहे आणि कधीकधी पश्चात्तापाचाही. आपल्याला काय समजवायचे? 'वासुरेते शिमात्ता' म्हणजे 'विसरून बसलो'. त्या 'बसलो'मध्ये जो ओशाळेपणा आहे तोच तिकडे आहे. पावसाला ते 'झाझा' म्हणतात, चमकणाऱ्या वस्तूला 'पिकापिका'. आपल्याकडेही पाऊस धो धो पडतो आणि भांडी लखलखतात. त्यांच्या वर्णमालेचा क्रमदेखील अ-इ-उ-ए-ओ आणि मग क पासून पुढे असाच आहे, कारण बौद्ध भिक्षूंबरोबर आपली अक्षरविद्या तिकडे गेली. आठवड्याचे वारसुद्धा ग्रहांवरूनच. रविवार सूर्याचा, सोमवार चंद्राचा, आणि शनिवारपर्यंत सगळे तसेच.

आणि आज ज्याच्या मंडपात बसलो आहोत तो गणपतीही तिकडे पोचलेला आहे. कांगितेन किंवा शोतेन हे त्याचे नाव. टोकियोत आसाकुसाजवळ मात्सुचियामा येथे त्याचे देऊळ आहे आणि तिथे नैवेद्याला वाहतात मुळा. पांढरा, लठ्ठ मुळा! मोदकाचा एक दूरचा नातेवाईक 'कांगिदान' नावाने क्योतोमध्ये मिळतो. नाराजवळच्या इकोमा डोंगरावर होझानजी देवस्थानात हाच शोतेन आहे, आणि तिथल्या भाविकांसाठी १९१८ साली डोंगरावर दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे सुरू झाली. जपानमधली ती पहिली. रेल्वेवाल्यांनो, तिकडे गणपतीने आपल्या खात्याला काम दिलेले आहे.

हे सगळे गोड वाटते ते एन-३पर्यंत. मग चित्रलिपी अंगावर येते. जपानी सरकारच्या नित्य वापराच्या यादीत २०१० पासून २१३६ चिन्हे आहेत आणि एन-१ला तेवढी यायला हवीत असे धरून चालावे. एकेका चिन्हाचे उच्चार दोन-दोन, तीन-तीन. आपल्याकडे 'पाणी' आणि 'जल' एकाच चिन्हाने लिहिले असते तर काय झाले असते ते डोळ्यांसमोर आणा. एकटे आले तर पाणी वाचायचे, 'जलप्रवाह'मध्ये आले तर जल. तसाच प्रकार. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर लिहून लिहून पाठ केले. आमच्या सौ.ने जुनी कॅलेंडरे शेजारपाजारहून गोळा करून दिली, हे तिचे योगदान इथे नमूद करतो.

माझे कामच उपयोगी पडले. आपण ज्याला स्लीपर म्हणतो त्याला ते 'माकुरागि' म्हणतात, म्हणजे उशीचे लाकूड. रूळ उशीवर डोके ठेवून झोपला आहे! लेव्हल क्रॉसिंगला 'फुमिकिरि', त्यात पाय टाकणे आहे आणि कापणे आहे. स्टेशनच्या चिन्हात घोडा बसलेला आहे, कारण पूर्वी ते टपालाचे घोडे बदलायचे ठिकाण होते. लोखंडाच्या चिन्हात एका बाजूला धातू किंवा पैसा आणि दुसऱ्या बाजूला 'हरवणे'. म्हणजे रेल्वे लिहिले की 'पैसा हरवण्याचा मार्ग'! म्हणून तिथल्या रेल्वे कंपन्यांनी, एक शिकोकूची सोडून, आपल्या बोधचिन्हात 'हरवणे'च्या जागी 'बाण' घातला आहे. आमच्या लेखा विभागाच्या मंडळींना मी हे सांगितले तेव्हा ते हसले नाहीत.

पूर्वी पहिल्या पातळीला नऊशे तासांचा अभ्यास लागतो असा ठोकताळा छापलेला असे. नऊशे तास म्हणजे रोज एक तास धरला तर अडीच वर्षे. रेल्वेच्या माणसाने हा हिशोब करूच नये. रात्रीचा ब्लॉक, पावसाळ्यातली गस्त, उन्हाळ्यात रूळ वाकतील याची धास्ती, थंडीत तडकतील याची. एन-१च्या व्याकरणात 'कातावारा' असा एक प्रयोग आहे. मुख्य व्यवसाय सांभाळून दुसरे काही करणे, असा अर्थ. बाई म्हणाल्या, "काका, वाक्य करा." मी म्हणालो, मी स्वतःच वाक्य आहे. पहाटे साडेचार ते साडेपाच हा माझा तास. ट्रॉलीवर असताना मात्र खिशातली कार्डे कधी काढली नाहीत. रुळावर असलो की डोळे आणि कान रुळावरच.

कान म्हटले, म्हणून आता मूळ गोष्टीवर येतो.

एन-५पासून माझे श्रवण कच्चे. वाचनाच्या मानाने नेहमी मागे. बाई म्हणत, सराव करा. मी करत होतो. एकदा संध्याकाळी ध्वनिफीत लावून बसलो होतो, कन्या शेजारी स्वतःचा अभ्यास करत होती. बैठक किती वाजता, असा प्रश्न. मी उत्तर लिहिले, एक वाजता. ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, एक नाही, सात म्हणाली ती." जपानीत एक म्हणजे 'इचि' आणि सात म्हणजे 'शिचि'. फरक फक्त सुरुवातीच्या श चा. पुन्हा लावले. मला पुन्हा 'इचि'च ऐकू आले. मी म्हणालो, "अगं, जुन्या टोकियोच्या लोकांचा श आणि ह असाच सरमिसळ होतो." हे खरे आहे, पण ती बाई जुन्या टोकियोची नव्हती. माहिती जास्त झाली, की माणसाला निमित्तेही जास्त सापडतात.

त्याच सुमारास एकदा सेक्शनवर पाहणी करत होतो. शेजारच्या लाईनवर गाडी येत होती. लुकआउट मॅनने शिट्टी वाजवली. सगळे बाजूला झाले, मी वाकून जोड बघत राहिलो. कीमनने माझी बाही धरून ओढले. "साहब, सीटी बजिस हे!" मी म्हणालो, वारा होता. वारा नव्हता. हे मी इथे पहिल्यांदाच जाहीरपणे सांगतो आहे.

गेल्या डिसेंबरात पहिल्या रविवारी एन-१ दिली. वाचनाचा भाग मनासारखा गेला. श्रवणात एक प्रकार असतो, त्यात छापलेले काहीच नसते. एक छोटे वाक्य ऐकू येते आणि त्याची तीन छोटी उत्तरे, तीही ऐकूच यायची. एकदाच. तिथे मी अंदाजाने गोल काळे केले. जानेवारीत निकाल लागला. भाषाज्ञान चाळीस, वाचन सेहेचाळीस, श्रवण अठरा. बेरीज एकशे चार. पास व्हायला शंभर. आणि निकाल: अनुत्तीर्ण. ती एकोणीसची अट!

कन्येने कागद हातात घेतला, दोन वेळा वाचला. म्हणाली, "बाबा, तुम्हाला जपानी येतं. तुम्हाला ऐकू येत नाही." घरात एकदम शांतता झाली. मग सौ. हळूच म्हणाली, "कुकरच्या शिट्ट्या मी दोन वर्षांपासून एकटीच मोजते आहे."

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. बंद खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून आलेख काढला. खालच्या सुरांना कान ठीक होते. चार हजार हर्ट्‌झजवळ रेघ खड्ड्यात गेलेली, आपला ट्रॅक खचतो तशी. डॉक्टरांनी विचारले, काम काय करता? मी सांगितले, टॅम्पिंग मशीन, रूळ कापायचे यंत्र, वेल्डिंगनंतरची घासणी, शेजारून जाणाऱ्या मालगाड्या. कानात बोळे घालता का? नाही. का नाही? मी गप्प. कारण ते खिशात असत, आणि साहेबांनी कानात बोळे घातले तर माणसांना हाक कशी ऐकू जाणार, असे मला वाटे. हेळसांड माझी. डॉक्टर म्हणाले, कानातल्या त्या बारीक पेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. स, श, टाचणी पडल्याचा आवाज, पाखरांची किलबिल आणि शिट्टी हे सगळे त्याच पट्ट्यातले. माणसाला वाटत राहते की समोरचा पुटपुटतो आहे.

आता प्रश्न असा होता, की हे कार्यालयात सांगायचे की नाही. सांगितले तर लाईनवरून काढून टेबलावर बसवतील. माझी ओळख म्हणजे माझा सेक्शन. कुठल्या पुलाजवळ पाणी झिरपते, कुठल्या वळणावर गेज हलतो, हे मला झोपेत विचारले तरी सांगेन. आठ दिवस मी गप्प राहिलो आणि त्या आठ दिवसांत चार वेळा लाईनवर गेलो. प्रत्येक वेळी तो कीमन माझ्यापासून दोन हात अंतरावर चालत होता. मी त्याला सांगितले नव्हते. त्याला आधीच कळले होते. त्याचे लक्ष त्याच्या कामावर असायला हवे, ते माझ्यावर होते. नवव्या दिवशी अर्ज लिहिला, आलेख जोडला आणि वरिष्ठांसमोर ठेवला.

जपानी रेल्वेत एक पद्धत आहे. चालक सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने उच्चारतो. आपल्याकडेही लोको पायलट आणि सहायक एकमेकांना सिग्नल मोठ्याने सांगतात. तिकडच्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ साली प्रयोग करून पाहिला, तेव्हा बोट दाखवून उच्चारल्यामुळे चुकांचे प्रमाण शंभरामागे २.३८ वरून ०.३८ वर आले होते. हे मी आमच्या ट्रॅकमनांना कितीदा तरी सांगितले होते. स्वतःच्या कानाकडे बोट दाखवायला मला परीक्षेत नापास व्हावे लागले. माझा अर्ज गेल्यावर आमच्या युनिटमधल्या अकरा जणांनी आपणहून कान तपासून घेतले. तिघांचे आलेख माझ्यासारखेच निघाले. एक तर जेमतेम तिशीचा आहे.

मी आता नियोजन विभागात आहे. टेबल खिडकीजवळ. 'तोत्तोचान'च्या मूळ नावात 'मादोगिवा' असा शब्द आहे, म्हणजे खिडकीलगतची. पुस्तकात ती मुलगी वर्गाच्या खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या बँडवाल्यांना हाका मारते. पण जपानी कचेऱ्यांत त्या काळी 'मादोगिवा-झोकु' म्हणजे 'खिडकीवाली जमात' हा शब्द रूढ झाला होता. ज्याला काम उरलेले नाही, ज्याला बाजूला सारले आहे, त्याचे टेबल खिडकीशी. लेखिकेने नाव ठेवताना तो अर्थही मनात धरला होता. पहिले दोन महिने मला तोच अर्थ आठवत असे. खिडकीतून यार्ड दिसते. आता ब्लॉकचे वेळापत्रक आखतो, आणि लाईनवरच्या तरुण इंजिनिअरांना कुठल्या वळणावर काय आहे ते फोनवर सांगतो. फोनवरचे मात्र मला दोनदा विचारावे लागते.

इथे बसलेल्या तरुण मंडळींसाठी एक व्यावहारिक गोष्ट सांगून टाकतो, कारण खाली बसल्यावर तेच विचारणार. जपानमध्ये काम करायचे असेल तर एन-१ची गरज नाही. कुशल कामगारांसाठी त्यांनी २०१९ पासून वेगळा परवाना सुरू केला, आणि २०२४ मध्ये त्यात रेल्वे क्षेत्रही घेतले. रूळ आणि गाड्यांच्या देखभालीला साधारण एन-४ची भाषा पुरते. गाडीवर किंवा स्टेशनात प्रवाशांशी संबंध येणार असेल तर एन-३. नऊशे तास घालवायची हौस माझ्यासारख्यांना. तुम्ही एन-४ करा आणि हातातले काम पक्के करा.

"मग तुम्ही कशाला करता?" असे माझे मेहुणे दर दिवाळीला विचारतात. उत्तर मलाही धड देता येत नाही. आपल्या या रायपुरात माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. घरची भाषा मराठी, पण १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढले ते हिंदीत, आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले तेही त्यांनीच. आपण इथले मराठी लोक दोन भाषांत जगतोच. घरात एक, बाजारात दुसरी, लाईनवर छत्तीसगढी. तिसरी-चौथी शिकायला आपल्याला कुणी कारण विचारू नये, असे माझे मत आहे.

कन्येच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मिळाले. मूळ पुस्तकात मी तो भाग वाचला. ते डबे जुने, आता न धावणारे. मी तिला सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "बाबा, मी आता कॉलेजात आहे."

मध्यंतरी श्रवणयंत्र घेतले. ते लावल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात इतका गलका ऐकू आला, की मी बाहेर येऊन पाहिले. चिमण्या होत्या. 'शिचि' आता दहापैकी सात वेळा 'शिचि' ऐकू येते. परीक्षेला यंत्र वापरायचे असेल तर अर्जाबरोबरच कळवावे लागते, डॉक्टरांचा कागद तयार आहे. रजेचा अर्ज दिला आहे. आझाद हिंदचे आरक्षण मात्र अजून सुरू व्हायचे आहे, आणि इथे वाणिज्य विभागाचे कुणी बसले असतील तर त्यांनी एक खालचा बर्थ लक्षात ठेवावा.

गणपती बाप्पा मोरया!